वाड्यात कुतार: छतावरून परतवलेल्या उजेडात लघुपटाचं चित्रण

सातारा-वाईकडच्या वाड्यांत लघुपट करायला जाणाऱ्यांना जागा सहज मिळते, अडतं ते उजेडापाशी. माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. ओसरीवर बसलेल्या माणसामागे चौकातलं ऊन इतकं पेटलेलं असतं की चेहरा काळा पडतो. मग भाड्याने दोन सॉफ्टबॉक्स, म्हणजे कापडाआडून मऊ उजेड देणारे दिवे, येतात आणि नटाला खडूच्या खुणेवर उभं करतात. चेहरा दिसतो, पण वाडा स्टुडिओतल्या पडद्यासारखा सपाट होतो आणि नट खुणेवरून हलायला घाबरतो.

यावरचा चांगला तोडगा राउल कुतार या फ्रेंच छायालेखकाच्या कामात आहे. त्याने उजेड नटावर न टाकता खोलीला दिला. नट त्या खोलीत कुठेही जावा, एक्स्पोजर (कॅमेऱ्याने टिपायच्या उजेडाचं गणित) जवळजवळ तेच राहावं, हे त्याचं सूत्र. आपल्या वाड्यांत हे जसंच्या तसं चालत नाही, कारण त्याच्या खोल्यांना पांढरं छत होतं आणि आपल्याकडे काळपट लाकडी कडीपाट आहे. त्यामुळे इथे पहिलं काम छत तयार करण्याचं.

कुतार कुठून आला, हे आधी थोडक्यात

कुतार १९२४ साली पॅरिसमध्ये जन्मला. इंडोचायनाच्या युद्धात तो लष्करासाठी फोटो काढायचा, पुढे मासिकांसाठीही काढले. मिळेल त्या उजेडात, हातातल्या कॅमेऱ्याने आणि झटपट काम करायची सवय तिथली. सिनेमाचं छायालेखन त्याच्या वाट्याला आलं ते दिग्दर्शक पिएर शोंडर्फर आणि निर्माता जॉर्ज द बोरगार यांच्यामुळे. १९५९ च्या उन्हाळ्यात बोरगारनेच त्याला फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटावर, ‘ब्रेथलेस’वर नेमलं.

त्या चित्रपटासाठी इलफोर्ड एचपीएस ही फोटोची फिल्म वापरली गेली. ती साडेसतरा मीटरच्या गुंडाळीत यायची. सिनेमाच्या वेगाने एक गुंडाळी चाळीस सेकंदही पुरत नाही, म्हणून तुकडे जोडून लांब रीळ केले जायचे. फोटोच्या फिल्मची कडेची छिद्रं सिनेमाच्या निगेटिव्हपेक्षा वेगळी असतात. ती चालवू शकणारा कॅमेरा म्हणून एक्लेर कॅमेफ्लेक्स घेतला. तो खडखडायचा, त्यामुळे आवाज नंतर डब केला. ४०० एएसएची (एएसए म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेचं माप, आजचा आयएसओ) ही फिल्म वेगळ्या रसायनात धुऊन ८०० पर्यंत ताणली.

हा ८०० चा आकडा पक्का लक्षात ठेवा. आजच्या साध्या मिररलेस कॅमेऱ्यावर आयएसओ ८०० म्हणजे डाव्या हातचा मळ. कुतारला जे फिल्म ताणून मिळवावं लागलं तिथून आपण सुरुवात करतो. म्हणून त्याच्या प्रकाशयोजनेची मापं आपल्याला आजही जवळपास लागू पडतात.

त्याच्या पद्धतीचं गाभ्याचं तंत्र असं: फोटोफ्लडचे, म्हणजे फोटोग्राफीसाठीचे प्रखर, दिवे खिडकीच्या बाजूला, उंचावर, तोंड छताकडे करून लावायचे. छतावर आपटून उजेड खाली येतो, सगळीकडे पसरतो आणि खिडकीतूनच आल्यासारखा वाटतो. पात्रागणिक वेगळा दिवा नाही, केसांवर मागून चमक नाही.

आता छत

माजघर किंवा सोप्याचा कडीपाट शंभर वर्षांच्या धुराने तपकिरी-काळा झालेला असतो. असं लाकूड बहुतेक उजेड गिळतं. त्यावर दिवा टाकला तर खाली येतो तो थोडासा, तांबूस उजेड. म्हणून कापड बांधायचं.

धुवट पांढरं मांजरपाट घ्या. कोरं मांजरपाट पिवळट असतं आणि तो पिवळेपणा थेट चेहऱ्यावर उतरतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला सहा बाय आठ फुटांचा तुकडा पुरतो. कापड पातळ असेल तर दुहेरी करा, नाहीतर निम्मा उजेड आरपार जाऊन कडीपाटावर वाया जातो. घरात दोन जुनी धोतरं असतील तर तीही चालतात, पण दुहेरीच.

जुन्या लाकडात खिळा ठोकू नका. मालक हो म्हणाले तरी नको. कड्यांमधल्या फटींतून सुतळी ओवता येते. फटी नसतील तर भिंतीतल्या खुंट्यांना आडव्या दोन दोऱ्या ताणून त्यावर कापड टाका. कापड ताठ हवं. मधे झोळ पडला की तो दिव्याच्या जवळ येतो, तेवढाच भाग चकाकतो आणि नट त्याखालून गेला की कपाळ पांढरं पडतं.

आता खरी गोची. कुतारला अख्खं छत मिळायचं, आपल्याला अर्धंच. वाड्याचा कडीपाट चित्रात दिसायला हवा, त्यासाठीच तर आपण वाडा निवडला. तेव्हा कापड खिडकीच्या भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंतच बांधा आणि कॅमेरा त्या कापडाखाली उभा करा. समोरच्या अर्ध्या भागात कडीपाट उघडा राहतो आणि चित्राच्या चौकटीत येतो. उलट बाजूचा शॉट घ्यायची वेळ आली की कापड सोडून दुसऱ्या बाजूला बांधायचं. दोन माणसं असतील तर वीस मिनिटं लागतात. म्हणून एका बाजूचे सगळे शॉट आधी संपवा.

छत फार बुटकं, सात-साडेसात फुटांचं असेल तर कापड छतावरून भिंतीवर दोन फूट खाली सोडा आणि दिव्याचं तोंड त्या कोपऱ्याकडे करा. उजेड दोन वेळा आपटतो आणि डाग पडत नाही.

दिवे आणि त्यांची जागा

बाजारात ५० वॅटचे एलईडी फ्लडलाइट मिळतात, दुकानाच्या पाटीवर लावतात तेच. एकाचा उजेड साधारण ४००० ते ४५०० ल्यूमेन असतो. असे दोन पुरेत. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे आणि एकाच दिवशी घेतलेले असू द्यात. वेगवेगळ्या खोक्यांतल्या ‘कूल व्हाइट’ दिव्यांतला एक हिरवट आणि दुसरा निळसर निघतो. डोळ्यांना हे दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं.

दिवे खिडकीच्या चौकटीच्या वर लावा, कापडापासून अडीच ते तीन फूट खाली. खोलीच्या मधोमध लावायचा मोह होतो, कारण तिथून उजेड सगळीकडे सारखा जातो. पण मग तो थेट डोक्यावरून येतो, डोळ्यांच्या खोबण्यांत अंधार साठतो आणि धडधाकट माणूसही आजारी दिसतो. खिडकीच्या बाजूने आला तर गालावर हळूहळू सावली चढते, नाकाची सावली सौम्य राहते आणि उजेड खिडकीचा आहे हे पटतं.

तरीही डोळे काळे राहिले तर जमिनीवर, चौकटीच्या बाहेर, एखादं पांढरं कापड पसरा. शेणाने सारवलेली जमीन किंवा शहाबादी फरशी खालून काहीच परत देत नाही. बसलेल्या पात्रासमोर कमरेच्या उंचीवर थर्माकोलची शीट तिरकी धरली की डोळ्यांत उजेडाचा ठिपका येतो. त्या ठिपक्याशिवाय चेहरा मेलेला वाटतो, मग अभिनय कितीही चांगला असो.

दिव्याचा थेट झोत भिंतीवर किंवा नटावर पडता कामा नये. दिव्याच्या खालच्या कडेला काळ्या कार्डपेपरची पट्टी लावा. एलईडीचं मागचं अंग तापतं, तेव्हा पट्टी पुढच्या कडेलाच लावा, मागचे उष्णतेचे पंख झाकू नका. कुणी फुकटात ५०० वॅटचा हॅलोजन देऊ केला तर कापडाखाली आणि थर्माकोलजवळ तो अजिबात नको. थर्माकोल वितळतो आणि पेटतो, आणि आपण उभे असतो लाकडी छताखाली. शिवाय असे चार हॅलोजन म्हणजे २००० वॅट, जवळपास ९ अँपिअर. वाड्यातल्या जुन्या वायरिंगवरचा पाच-सहा अँपिअरचा सॉकेट तेवढं झेलणार नाही. दोन एलईडी मिळून जेमतेम अर्धा अँपिअर घेतात आणि घरच्या इन्व्हर्टरवर काही तास निवांत चालतात. मात्र वीज असताना आणि इन्व्हर्टरवर, दोन्हीकडे एकेक शॉट घेऊन पडद्यावर पट्टे येतात का ते आधीच पाहून ठेवा.

किती उजेड मिळतो

दहा बाय बारा फुटांची, चुन्याने रंगवलेली खोली आणि पांढरं छत असेल तर वरचे दोन दिवे मिळून नटाच्या चेहऱ्यापाशी साधारण ३५० लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) मिळतात. आयएसओ ८००, शटर १/५० ठेवलं तर एफ ४ ते ५ (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा लहान तितकं छिद्र मोठं). भिंती मातीच्या, गडद असतील आणि कापड अर्ध्याच छताला असेल तर हाच आकडा १५० च्या आसपास येतो, म्हणजे एफ २.८ ते ३.२. किट लेन्स एफ ३.५ च्या खाली जात नसेल तर आयएसओ १६०० करा. मोबाइलची लेन्स एफ १.८ ची धरली तर याच अंधाऱ्या खोलीत आयएसओ २५० ते ३२० ला चित्र व्यवस्थित येतं. अशा कामाला मोबाइल मुळीच कमी नाही. फक्त शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स आणि फोकस हाताने ठरवता येतील असं अॅप हवं. ऑटोवर ठेवलं तर नट खिडकीजवळून गेला की सगळी खोली गडद होते, आणि ज्या स्थिर उजेडासाठी ही खटपट केली तीच वाया जाते.

शटर १/५० किंवा १/१०० च ठेवा, फ्रेम सेकंदाला २५. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात आणि १/६० वर आडवे पट्टे सरकताना दिसतात. उजेड कमी करायला डिमर लावू नका, त्यानेही पट्टे येतात. एक दिवा बंद करा किंवा कापडापासून दूर न्या.

व्हाइट बॅलन्स भिंतीवरून घेऊ नका. चुन्यात नीळ घालायची पद्धत असल्यामुळे पांढरी दिसणारी भिंत निळी असते, आणि तिच्यावरून बॅलन्स घेतला की चेहरे पिवळे होतात. नटाच्या चेहऱ्यापाशी कोरा पांढरा पुठ्ठा धरून घ्या. भिंती पिस्ता किंवा गुलाबी ऑइलपेंटच्या असतील तर तो रंग बाउन्स होऊन गालावर येतोच. अशा घरात सरळ कृष्णधवल करा. त्यात निम्म्या अडचणी आपोआप सुटतात आणि कडीपाटाचा पोत जास्त चांगला उतरतो.

खिडकीबाहेर ऊन असेल तर ते आतल्या चेहऱ्यापेक्षा सात-आठ स्टॉपने जास्त असतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). दोन ५० वॅटच्या दिव्यांनी ही दरी भरत नाही. ‘ब्रेथलेस’मधल्या हॉटेलच्या खोलीतही खिडकी पांढरी पडलेली दिसते आणि ते खटकत नाही. बाहेरचं झाड किंवा डोंगर दिसायलाच हवा असेल तर खिडकीला बाहेरून हार्डवेअरच्या दुकानातली डासांची काळी जाळी लावा. एका थराने साधारण एक स्टॉप कमी होतो, पण जाळीगणिक फरक पडतो म्हणून मोजून पाहा. दुसरा थर लावायचा तर पहिल्याला तिरका लावा, सरळ लावला तर लाटांसारखी नक्षी उमटते. नट जाळीपासून चार फूट पुढे असू द्या, म्हणजे जाळी फोकसमध्ये येणार नाही.

चौक: वाड्यानेच दिलेला बाउन्स

दिवसाच्या चित्रणासाठी सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन धरावं, असं सगळे सांगतात. वाड्यात मात्र उलट करा. सूर्य डोक्यावर असताना चौकातल्या फरशीवर ऊन पडतं आणि तिथून उसळून ओसरीच्या छताला खालून उजळतं. ही कुतारचीच रचना आहे, फक्त दिव्याच्या जागी सूर्य. साडेअकरा ते दीड ही वेळ हातची जाऊ देऊ नका.

त्यात आपण भर घालू शकतो. चौकातल्या उन्हाच्या तुकड्यात, चौकटीबाहेर, सहा बाय आठचं तेच मांजरपाट पसरा. त्यापासून दहा फुटांवर ओसरीत बसलेल्या चेहऱ्यावर २५००-३००० लक्स सहज मिळतात. दोन एलईडी मिळून देतात त्याच्या आठ-दहा पट, आणि बिल शून्य. नीळ घातलेली चादर इथे नको, उन्हात तिचा निळेपणा चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. शूटिंगच्या आधी कुणी चौकात पाणी शिंपडत असेल तर थांबवा, कारण ओला दगड काळा पडतो आणि बाउन्स निम्म्यावर येतो.

चौक पाहायला जाल तेव्हा महिना लक्षात घ्या. सातारा साधारण १७.७ अंश अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि अरुंद चौकातही ऊन तळापर्यंत पोहोचतं. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य दुपारी ४९ अंशांच्या वर जात नाही. दुमजली वाड्याची भिंत वीस फूट धरली तर तिची सावली सतरा फूट पडते. चौक बारा फुटांचा असेल तर त्या दिवसांत तळाला ऊन लागणारच नाही, फक्त उत्तरेच्या भिंतीवर वरच्या भागात चढेल. अशा वेळी कापड त्या उत्तरेच्या भिंतीवर, माडीच्या कठड्यावरून खाली सोडा. उजेड मग समोरच्या, दक्षिणेच्या ओसरीत येतो. मे महिन्यात जागा पाहून डिसेंबरात शूटिंग ठेवणारे इथेच फसतात.

उन्हाचा तुकडा सतत सरकतो. दर पंधरा मिनिटांनी कापड त्याच्या मागे सरकवायला एक माणूस नेमा, दुसरं काम त्याला देऊ नका. सगळ्या ओसरीचा मोठा शॉट आधी घ्या. जवळचे चेहरे नंतर, ऊन हललं तरी थर्माकोलने ओढून आणता येतात. पावसाळ्यात ढग भराभर येतात-जातात, तेव्हा ढगाची वाट पाहून ढगातच चित्रण करा. ऊन-सावलीचे शॉट एकमेकांना जोडत नाहीत.

व्हीलचेअरची ट्रॉली

‘ब्रेथलेस’मध्ये कुतार व्हीलचेअरवर बसला आणि ती ढकलून चालते शॉट घेतले गेले. रस्त्यावर लोकांना कळू नये म्हणून तो टपालाच्या ढकलगाडीतही लपला. आपल्याला व्हीलचेअर पुरते, ती औषधांच्या दुकानातून किंवा संस्थेकडून दिवसाच्या भाड्याने मिळते. हवेची चाकं असलेली मागा. भरीव रबराच्या चाकांची प्रत्येक फटीवर धडधड होते. हवा थोडी कमी करा, बोटाने दाबल्यावर किंचित दबेल इतपत.

नट कॅमेऱ्याकडे चालत येतो असा शॉट असेल तर खुर्ची मागे ओढायची. मोठी चाकं पुढे जातात आणि फरशीच्या सांध्यांवरून गुळगुळीत निघतात. पुढे ढकलली की लहान चाकं आधी आपटतात आणि थरथरतात. म्हणून जमेल तिथे शॉटच मागे ओढत जाण्याचा बांधा.

ओसरीत सांधे जास्त असतील तर १२ मिमी प्लायवूडची आठ बाय चारची एक शीट लांबीला चार पट्ट्यांत कापून घ्या. दोन पट्ट्या डाव्या चाकांखाली, दोन उजव्या, असा सोळा फुटांचा रूळ होतो. दोन्हीकडचे सांधे समोरासमोर येऊ देऊ नका: एका ओळीतली एक पट्टी मधोमध कापून अर्धी आधी, अर्धी शेवटी ठेवा. मग दोन्ही चाकं एकाच क्षणी सांध्यावर येत नाहीत आणि धक्का निम्मा जाणवतो. कॅमेरा धरणाऱ्याने कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवू नयेत, पोटाशी धरावेत. टेकवलेल्या कोपरातून खुर्चीची सगळी थरथर चित्रात येते.

लेन्स २८ मिमी, फुल फ्रेम. फोकस अडीच मीटरवर आणि एफ ५.६ ठेवलं तर दीड-पावणेदोन मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं स्पष्ट राहतं आणि चालता चालता फोकस ओढावा लागत नाही. माजघरात यासाठी आयएसओ ३२०० लागेल. रस्त्यावर उलटा त्रास: भर उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/५० ठेवलं तरी एफ २२ येतं, म्हणून उजेड एक अष्टमांशावर आणणारा एनडी ८ चा फिल्टर लावून एफ ८ वर या.

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उतारावर वसलंय, हे खुर्ची रस्त्यावर आणताना विसरू नका. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जाताना चढ आणि येताना उतार. उतारावर एकटा माणूस खुर्ची सांभाळू शकत नाही. खुर्चीच्या सांगाड्याला जाड दोर बांधा आणि दुसरा माणूस वरच्या बाजूला तो धरून चालू द्या. मोती चौकात सकाळी सातच्या आत काम उरका, दुकानं उघडली की बघे लेन्समध्ये बघू लागतात. पोलिसांना आणि नगरपालिकेला आधी लेखी कळवलेलं असावं.

आवाजाबद्दल एवढंच: कुतार हटवादी नव्हता. १९६२ मध्ये गोदारला चित्रणाच्या जागीच आवाज घ्यायचा होता, तेव्हा त्याने जड, पण आवाज न करणारा मिचेल कॅमेरा वापरला. हंगामात उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जात असतील तर जागचा आवाज फक्त खुणेसाठी घ्या आणि संवाद नंतर माडीवरच्या खोलीत, चारी भिंतींना वाकळी टांगून, पुन्हा बोलवून घ्या. नटांना त्याच दिवशी संध्याकाळी बसवा. आठवड्याने बोलावलं तर दम, लय आणि घशाचा सूर जुळत नाही.